काकूंच्या कपाटावरचा तोफगोळा

राजवाड्यामागच्या एका वाड्यात काकूंनी मला कपाटावरचा लोखंडी गोळा दाखवला. "महिदपूरच्या लढाईतला. दर दिवाळीला घासून ठेवते!" माझ्याच पोटात गोळा आला.

महिदपूरला होळकर-इंग्रज लढाई झाली 21 डिसेंबर 1817 ला. त्या काळी भरीव गोळे असत, तसे दारू भरलेले पोकळही. आतली काळी दारू कोरडी राहिली, तर दोनशे वर्षांनीही पेटते. 2008 साली अमेरिकेत, व्हर्जिनियात, यादवी युद्धातला असाच गोळा साफ करताना एक जाणता संग्राहक दगावला.

म्हणून घासू नका, हलवू नका. लांबून फोटो काढा, कुठे सापडला ते लिहून ठेवा अन् पोलिसांना कळवा.

काकू जरा हिरमुसल्या, पण फोन त्यांनीच लावला. कपाट रिकामं झालं. नोंद आपल्याकडे आहे.