गाडीच्या छताचं कापड लोंबतंय? आधी हे वाचा
बाबांच्या जुन्या गाडीच्या छताचं कापड एवढं लोंबलं की आरशात मागचं दिसेना. मी ते नुसत्या गोंदाने चिकटवलं, आठवड्यात परत खाली! कारण उन्हाने कापडामागच्या फोमचा भुगा होतो आणि भुग्यावर काहीच टिकत नाही.

मग मी हे केलं:

१. मोबाईलवर फोटो काढत सनवायझर, हँडल, दिवा काढले आणि छताचा बोर्ड बाहेर घेतला.

२. जुना फोम ब्रशने पूर्ण खरवडला.

३. बोर्ड आणि नवीन फोमवालं कापड, दोन्हींवर उष्णता सहन करणारा स्प्रे ग्लू मारला. तो चिकटसर झाल्यावर मधून कडेकडे हाताने दाबत गेलो.

स्प्रे मोकळ्या हवेतच मारा. छताच्या कडेला एअरबॅग असेल तर मात्र थेट मेकॅनिककडे जा.