‘सनशाइन स्पेशल’ मोटारीचे कर्ते व तिच्यांतील फेरफार

हस्तलिखित हातीं आलें म्हणजे आम्ही प्रथम शेवटचें पान उलटून पुष्पिका पाहतों. ग्रंथकर्ता कोण, लेखक कोण, नक्कल केव्हांची, हें तेथें कळतें. मोटारगाडीचीही परीक्षा याच रीतीनें करावी लागते, असें म्हटल्यास आमच्या वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्ड यांच्या नांवाच्या वस्तुसंग्रहालयांत ‘सनशाइन स्पेशल’ ही लिंकन मोटार जतन करून ठेविली आहे. ती १९३९ सालीं राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या स्वारीसाठीं मुद्दाम बांधण्यांत आली. परंतु तिची साक्ष तपासूं लागतांच एकाऐवजीं दोन कर्ते निघतात, आणि साल तर एक ठरतच नाहीं.

दोन कर्त्यांचा उलगडा सोपा आहे. त्या काळीं धनिकांची मोटार सबंध एका कारखान्यांत होत नसे. यंत्र, चाकें व लोखंडी सांगाडा मिळून जी चासी होते ती एकानें करावी, आणि तिजवरील बॉडी दुसऱ्यानें बांधावी, असा शिरस्ता होता. हे दुसरे कारागीर, म्हणजे कोचबिल्डर, बहुतेक घोडागाड्या बांधणाऱ्यांच्या परंपरेंतले. ब्रूस्टर यांची पेढी १८१० सालीं न्यू हेवन येथें बग्ग्या बांधूं लागली व पुढें मोटारींकडे वळली. ‘अ‍ॅश’ झाडाच्या चिवट लांकडाची चौकट सांधावयाची, तिजवर पत्रा हातानें ठोकून बसवावयाचा, मग रंगाचे व वार्निशाचे हात एकावर एक देत व घोटीत आठवडेच्या आठवडे घालवावयाचे, ही सारी बग्गीचीच विद्या. काम पुरें झालें कीं कारागीर आपल्या नांवाची लहानशी पट्टी गाडीवर बसवी. हीच त्या गाडीची पुष्पिका. फिशर बंधूंनीं तर आपल्या मुद्रेंत चक्क राजेशाही घोडागाडी घातली. ‘लबॅरन’ ही पेढी हिबर्ड व डीट्रिश या दोघांनीं १९२० सालीं काढली. नांव फ्रेंच ऐकूं यावें एवढ्यासाठींच निवडलेलें, मागें कोणी बॅरन नाहीं! अशा वंशावळी आमच्याकडील दप्तरांतही दुर्मिळ नाहींत.

लिंकन कंपनी हेन्री लेलंड यांनीं १९१७ सालीं स्थापिली व १९२२ सालीं ती फोर्ड यांच्याकडे आली. हेन्री फोर्ड यांचे पुत्र एड्सल यांस सुंदर बांधणीची आवड. त्यांनीं जडकिन्स, विलोबी, ब्रन इत्यादि पेढ्यांकडून लिंकनच्या बॉड्या बांधवून घेतल्या. प्रस्तुत गाडीची बॉडी न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो येथील ब्रन आणि कंपनीची आहे. यंत्र बारा सिलिंडरांचें. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर १६० इंच. रक्षकांस उभें राहतां यावें म्हणून रुंद फूटबोर्ड व धरावयास मुठी. काटेकोर अर्थानें लिमोझीन म्हणजे चालक व धनी यांच्यामध्यें कांच असलेली बंद गाडी. हिचा टप मिटतां येतो, आणि मिरवणुकींत तो बहुधा मिटलेलाच असे; त्यावरूनच ‘सूर्यप्रकाशाचें’ हें नांव पडलें. तथापि लिमोझीन हाच शब्द तिला चिकटला आहे.

आतां सालाचा प्रश्न. गाडी १९३९ ची, पण तिचें तोंड १९४२ च्या लिंकनचें आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर ती परत कारखान्यांत गेली. दारांत चिलखती पत्रे आले, जाड कांचा आल्या, गोळीस दाद न देणारे टायर आले, बंदुका ठेवण्यास कप्पे झाले, आणि पुढील भाग नव्या धाटणीचा करण्यांत आला. वजन सुमारें ९,३०० पौंड भरलें. ब्रन यांची पेढी मात्र १९४१ सालींच बंद झाली होती. म्हणजे हा फेरफार मूळ कारागिराचा नव्हे, परक्या हातचा होय.

मग तो काढून टाकून ब्रन यांची शुद्ध कृति पुनः उभी करावी काय? रसिक असें म्हणेलही, आणि त्याच्या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. नामशेष पेढीचें काम मूळ रूपांत पाहण्यास कोणास आवडणार नाहीं? पण आमचें मत स्पष्टपणें विरुद्ध आहे. पोथीच्या समासांत मागाहून कोणीं लिहिलें असेल, तर संपादकानें शुद्ध पाठ निराळ्या कागदावर सिद्ध करावा; मूळ पान खरवडूं नये. येथें तर समासांतील मजकूरच अधिक मोलाचा आहे. १९४२ च्या पूर्वीं राष्ट्राध्यक्ष उघड्या साध्या गाडींतून फिरत, आणि युद्ध अंगावर येतांच तीच गाडी चिलखती झाली, ही गोष्ट हे पत्रे स्वतः सांगतात. रूझवेल्ट १९४५ सालीं वारले. त्यांच्यानंतर ट्रूमन यांनीं १९५० पर्यंत हीच गाडी वापरली, तीही याच रूपांत. संग्रहालयानें तेंच रूप राखिलें, हें योग्य झालें.

त्याच संग्रहालयांत केनेडी यांची १९६१ ची लिंकन आहे. ही सिनसिनाटी येथील हेस आणि आयझनहार्ट यांच्या हातची; या पेढीचें मूळही १८७६ सालच्या एका घोडागाडीच्या कारखान्यांत आहे. १९६३ सालीं केनेडी यांचा वध झाल्यावर ती मोडून टाकण्यांत आली नाहीं. कायमचें छप्पर व चिलखत चढवून १९७७ पर्यंत पुढील अध्यक्षांच्या सेवेंत ठेवण्यांत आली. तेव्हां तिजपुढें उभें राहून आपण डॅलसची ती उघडी गाडी जशीच्या तशी पाहत आहों, असें प्रेक्षकानें समजूं नये.