सर्व्हर सॉफ्टवेअर : मालकीचे आणि मुक्तस्रोत

हिशेब, साठा आणि ग्राहकांच्या नोंदी एका ठिकाणी ठेवून त्या दुकानातल्या किंवा कचेरीतल्या इतर संगणकांना पुरवणारी प्रणाली. विंडोज सर्व्हर, ओरॅकल ही मालकीची. लिनक्स, पोस्टग्रेएसक्यूएल, फाइली सामायिक करणारे सांबा ही मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना उघडा असलेली. कापूस, तूर, सोयाबीनच्या उलाढालीवर चालणाऱ्या मानोऱ्यासारख्या (जि. वाशिम) तालुक्याच्या गावी अडत दुकान, कृषी केंद्र किंवा पतसंस्था या दोन प्रकारांतली निवड करते, तेव्हा चर्चा बहुधा परवान्याच्या किमतीवर अडते. किंमत खरीच आहे : विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत मूळ परवान्याखेरीज जोडणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा यंत्रामागे वेगळा प्रवेश-परवाना लागतो, सांबाला तो लागत नाही. पण पुरवठादाराने शब्द फिरवला तर बाहेर पडायची वाट उरते का, हा प्रश्न किमतीहून मोठा.

शब्द दोन्हीकडे फिरतात. सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ अखेरपर्यंत आणली गेली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही मालकीचे सर्व्हर सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री महिनाभरात बंद केली आणि ग्राहकांपुढे वर्गणी ठेवली. फरक पुढे पडला. सेंटओएसच्या धर्तीवर, उघड्या स्रोतावरून २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या. व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर तसेच पुढे चालवणे इतर कुणाच्या हाती नव्हते.

यावर रास्त आक्षेप असा की, सोयाबीनच्या ऐन आवकेत सर्व्हर बसला तर स्रोत उघडा असून काय कामाचा? दुरुस्तीला माणूस हवा, आणि विंडोज जाणणारा माणूस लवकर सापडतो. शिवाय व्यापाऱ्याचा जीव ज्यात अडकलेला असतो ते हिशेबाचे सॉफ्टवेअर टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलेले आहे. म्हणून हिशेबाचे यंत्र विंडोजवरच ठेवणे शहाणपणाचे. ‘फुकट’ लिनक्ससाठी ते उपटून टाकणे हा हट्ट झाला. सामायिक फाइली आणि बॅकअप मात्र लिनक्स-सांबावर नेता येतात. त्यात बिघाड झाला तरी काउंटर थांबत नाही, आणि शिकायला सवड मिळते. नवे सॉफ्टवेअर लिहून घेणाऱ्या पतसंस्थेने विदा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मागावी, आणि प्रशासक-पासवर्ड स्वतःकडे राहील हे करारात लिहून घ्यावे. तो पुरवठादाराकडेच राहिला, तर उघडा स्रोतही कुलूपबंदच. टॅलीचा आग्रह धरणाऱ्यानेही वर्षअखेरीस खाती एक्सेल किंवा एक्सएमएलमध्ये काढून, ती दुसऱ्या संगणकावर उघडतात का ते पाहावे.