जागच्या जागी

वेगाने धावणं कुठल्याही इंजिनाला जमतं. खरी परीक्षा असते ती काहीही काम न करता जागच्या जागी चालू राहण्याची. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्या शाखेत या विद्येत पारंगत असे निदान चार जण आहेत. पण मी हौसेने नवी करून घेतलेली जुनी मोटारसायकल मात्र या बाबतीत अगदीच कच्ची. मूठ पिळली की वाघ, सोडली की मढं! सिग्नलला तिचा प्राण गेला, की मागच्या रिक्षावाल्याला कंठ फुटलाच.

"कार्बोरेटर!" आमचे म्हातारे मिस्त्री चाचा म्हणाले. मग मी या कार्बोरेटर नावाच्या गृहस्थाची कुळकथाच धुंडाळली.

मूळपुरुष इटलीचा व्हेंचुरी. नळी मध्येच चिंचोळी केली की तिथे प्रवाहाचा दाब घटतो, हे त्याने १७९७ साली मांडलं. बिचाऱ्याने मोटारसायकल स्वप्नातही पाहिली नव्हती! पुढे १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी दुचाकीवर इंजिन चढवलं, पण तिचं सारं पेट्रोलच्या वाफेवरच भागवावं लागे. पेट्रोल फवारायची युक्ती काढली बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडीने. फुलवाली फुलांवर तोंडाने पाणी फवारताना पाहून त्यांना ती सुचली, अशी आख्यायिका आहे. आता तोंडातलं पाणी फुर्रकन कपड्यांवर उडवणारे इस्त्रीवाले आपल्याकडे गल्लोगल्ली होते; आपण त्यांच्याकडे फक्त शर्ट मागत राहिलो. असो. या दोघांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, मायबाखने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. म्हणजे आवक रजिस्टरात हंगेरीवाले वर, पण बढती मिळाली मायबाखला! सीनिऑरिटीचा माझाही अनुभव फारसा वेगळा नाही.

मर्म चाचांनी सांगितलं. मूठ सोडली की हवा इतकी कमी जाते, की मोठ्या जेटमधून पेट्रोल वर खेचलंच जात नाही. त्या वेळेपुरती सोय म्हणून बारीक भोकाचा वेगळा पायलट जेट असतो. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा त्यात बसला, की गाडी उभ्या उभ्या मेली. "तार घालू नका साहेब, भोक मोठं होईल," म्हणत त्यांनी तो धुतला, पंपाने फुंकला. मग इंजिन गरम करून ते हवेचा स्क्रू थोडा थोडा फिरवत डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज सर्वांत चढला तिथे थांबले आणि दुसऱ्या स्क्रूने तो अलगद खाली आणला. टाळेबंद जुळला! वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. चाचांनी ते कानाने मोजलं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची खुर्ची इंजेक्शनने घेतली. पेट्रोलचा हिशेब आता कॉम्प्युटर ठेवतो, आमच्या लेजरसारखाच. चाचांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात नोकरीला आहे. चाचांच्या कानातली शिल्लक कुणाच्या खात्यावर वर्ग करायची, याचं व्हाउचर मात्र अजून कुणी छापलेलं नाही.