उतरवलं का?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. टीव्हीवर तो सोहळा बघताना मला आमच्या ओसरीतला जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आठवला, त्याच्यावर उडणारं वेगळंच एक विमान आठवलं, आणि मागे उभे राहून विचारणारे तात्या आठवले, “उतरवलं का?”

आमचं गाव निफाड तालुक्यात, ओझरपासून पायी तासाभरावर. १९६४ साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, ओझरला मिग विमानांचा सरकारी कारखाना आला. सोव्हिएत रशियाशी करार झाला होता. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी कामाची वाटणी होती. आमच्याकडे कारखान्याचं नावच ‘मिग’ पडलं. “पोरगं काय करतं?” “मिगला हाये.” एवढ्यावर सोयरीक जमायची. माझे थोरले चुलते, तात्या, तिथं फिटर होते. चाचणीचं विमान गावावरून गेलं की मांडणीतली भांडी खणखणायची, कांद्याच्या वावरातल्या बाया कानावर हात ठेवायच्या.

१९९४ च्या दिवाळीत भावानं नाशिकहून व्हिडिओ गेम आणला. जपानच्या निन्टेंडोनं १९८३ साली फॅमिकॉम काढला, त्याची ही स्वस्तातली नक्कल. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खोचायची, चॅनेल जुळवायचं आणि कॅसेट फुंकून बसवायची. त्यातल्या एका कॅसेटवर ‘टॉप गन’ होता. १९८६ च्या अमेरिकन सिनेमावरून कोनामी कंपनीनं दुसऱ्याच वर्षी काढलेला. आपण एफ-१४ च्या वैमानिकाच्या जागी बसलोय असं पडद्यावर दिसायचं. आधी मिसाइल निवडायची. हाउंड घेतली तर ४०, वुल्फ २०, टायगर फक्त १०. जेवढी जबर तेवढी कमी. शत्रूची विमानं आम्ही पटापट पाडायचो.

खरी रड पुढे होती. विमान समुद्रातल्या जहाजावर उतरवायचं. उंची २०० च्या आसपास, वेग २८८ च्या आसपास, आणि पडद्यावर इंग्रजीत हुकूम सुटायचे, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. आम्ही मराठी शाळेतली पोरं. ‘अप’ आणि ‘डाउन’ मधला फरक मी पुस्तकातून नाही, समुद्रात बुडून बुडून शिकलो.

“तात्या, आज बारा पाडली!” मी ओरडायचो.

“पाडाया काय, कुणीबी पाडतंय. उतरवलं का ते सांग.”

मग ते सांगायचे. मिग उतरतं तेव्हाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग असतो. चाकं टेकली की शेपटाकडून छत्री उघडते, तेव्हा कुठं आवरतं. दुपारपाळी असली की सकाळी ते घरी असायचे. वरून विमान गेलं की हातातली भाकरी तशीच ठेवायचे. “जाताना समदं गाव बघतं. आल्याचा आवाज ऐकल्याबिगर मला घास जात न्हाई.” पेपरात कुठं मिग पडल्याची बातमी आली, तर आधी वैमानिकाचं काय झालं ते वाचायचे. त्या दिवशी आम्ही गेम लावायचो नाही. कुणी बजावलं नव्हतं, पण लावायचो नाही.

पुढं तात्या रिटायर झाले. हार, नारळ, शाल घेऊन संध्याकाळी घरी आले आणि ओसरीत बसले. आयुष्य विमानात खिळे-बोल्ट बसवण्यात गेलं, पण स्वतः कधी विमानात बसले नव्हते. मला म्हणाले, “आण ते रिमोट.” जाड बोटांना ती बटणं पुरेनात. भावानं लढाई निभावून दिली. उतरवायची वेळ आली तेव्हा रिमोट त्यांच्या हातात. विमान समुद्रात. परत लावलं, परत समुद्रात. तिसऱ्यांदाही तेच.

आम्ही पोरं हसलो. ते हसले नाहीत. “आमच्या पोरांचं काय होत आसंल रं वर,” एवढंच म्हणाले. आमची पोरं म्हणजे वैमानिक, ते लगेच कळलं नाही मला. मग रिमोट माझ्याकडे दिला. “तू कर. मी बघतो.”

त्या दिवशी मी उतरवलं. तात्यांनी मान हलवली, शाल खुंटीला अडकवली आणि मोठ्या आईला म्हणाले, “वाढ आता.”