बहुचॅनेल ट्यूब अँप्लिफायर : टोन बसवणे

गिटारमधून येणारा क्षीण विद्युत्-संकेत काचेच्या निर्वात नळ्यांच्या साहाय्याने वाढवून स्पीकरला देणारे आणि एकाच पेटीत क्लीन, क्रंच, लीड असे दोन ते चार चॅनेल सामावणारे यंत्र. वादकांच्या बोलण्यात ते नुसते ‘अँप’. या नळ्या मागच्या पिढीने घरच्या रेडिओत ‘व्हॉल्व्ह’ म्हणून पाहिलेल्या आहेत. भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओच्या व्हॉल्व्हांचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू केले. रेडिओचा स्पीकर चालवणारी ईएल८४ ही नळीच व्हॉक्स कंपनीच्या एसी३० या नामांकित अँपमध्ये चार-चार बसते.

अँपचे दोन भाग पडतात. प्रीअँपमध्ये १२एएक्स७ जातीच्या छोट्या नळ्या असतात, पॉवर अँपमध्ये ईएल३४ किंवा ६एल६सारख्या मोठ्या. नळीला तिच्या आवाक्याबाहेरचा संकेत दिला की लहरीचे माथे दबतात आणि मूळ सुराभोवती नवे उपस्वर उमटतात. तंबोऱ्याची जवारी उघडताना नाद जसा दाटतो, तसा गेनचा नॉब वाढवताना गिटारचा आवाज दाटत जातो. हद्द ओलांडली की मात्र कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले जातात.

फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये १९६० च्या दशकातच दोन चॅनेल होते, पण त्यांची इनपुट वेगळी. वाजवता वाजवता बदल करण्याची सोय नव्हती. कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथने मेसा बूगी अँपमध्ये गेनचे टप्पे एकापुढे एक जोडले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस चॅनेल पायाने बदलता येऊ लागले. मार्शलच्या २००७ च्या जेव्हीएम४१०एचमध्ये चार चॅनेल, प्रत्येकात तीन मोड आणि दर्शनी पट्टीवर २८ नॉब आहेत.

एवढे नॉब पाहून नवखा वादक एकेक चॅनेल सुटा घेऊन बसतो, आणि गफलत इथेच होते. चॅनेल वेगळे असले तरी पॉवर अँप, स्पीकर आणि खोली सामाईक असते. जेव्हीएममध्ये प्रेझेन्स (तार) आणि रेझोनन्स (खर्ज) हे पॉवर अँपचे नॉबही सर्व चॅनेलना मिळून एकच. म्हणून आधी मास्टर व्हॉल्यूम प्रत्यक्ष वाजवायच्या पातळीवर आणावा, प्रेझेन्स-रेझोनन्स ठरवावे, मग क्लीन चॅनेल लावावा आणि त्याच्या तुलनेत बाकीचे. क्रंचसाठी गेन चारपर्यंत नेऊन ई मेजरचा कॉर्ड जोरात छेडावा. सहाही तारा वेगळ्या ऐकू आल्या आणि हात हलका करताच आवाज निवळला, तर गेन बरोबर आहे. विकृत आवाजाची चढउतार दबलेली असते, त्यामुळे तो एकट्याने भरघोस वाटतो, पण बँडमध्ये मागे पडतो. लीड पुढे आणायचा तर गेनला हात न लावता चॅनेलचा व्हॉल्यूम आणि मिडल वाढवावा.

बास, मिडल, ट्रेबल या त्रिकुटाची वागणूक समजून घेण्यासारखी आहे. फेंडर-मार्शल पद्धतीच्या मंडलात हे नॉब एकमेकांवर अवलंबून असतात; ट्रेबल वाढवला की मिडलची पकड सैल होते. तिन्ही पाचवर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला, असे नाही. मधले सूर खोलगट राहतात. फेंडरच्या मंडलात बास-ट्रेबल शून्यावर आणि मिडल दहावर ठेवला, तर सपाटीच्या जवळ जाता येते. हे मंडल गेनच्या आधी आहे की नंतर, यावरही बरेच ठरते. मेसाच्या मार्क मालिकेत ते आधी येते, म्हणून लीडला बास एक-दोनवरच ठेवतात, नाहीतर जाड तारा गढूळ होतात; गेलेला खर्ज पुढच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरमधून परत आणतात. मेसाच्याच रेक्टिफायर अँपमध्ये मंडल गेननंतर येते, तिथे बास खुशाल वाढवता येतो. एका अँपचे आकडे दुसऱ्यावर चालत नाहीत, ते यामुळे.

घरी बसवलेला टोन मंचावर फसतो, त्याचे कारण कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. घरी वादक बास-ट्रेबल चढवतो, मिडल उतरवतो. बँडसोबत मग ड्रम आणि बास गिटार त्याला गिळून टाकतात. जबलपूरजवळच्या खमरियासारख्या, आयुध निर्माणीच्या क्वार्टरांच्या वसाहतीत शंभर वॅटचे अँप मोकळे सोडणे अवघडच. पण पन्नास वॅटचे घेऊनही आवाज जेमतेम तीन डेसिबल उतरतो. तो निम्मा वाटायला शक्ती दहा पट कमी करावी लागते. त्यापेक्षा अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये अटेन्युएटर, म्हणजे जास्तीची शक्ती जिरवणारे उपकरण, लावणे उपयोगाचे.

विजेचा दाबही टोनमध्ये उतरतो. २३० व्होल्टचा पुरवठा २०७ वर आला, तर साध्या घडणीच्या अँपमध्ये नळ्यांचे सर्व दाब दहा टक्के घसरतात आणि कमाल शक्ती सुमारे एक-पंचमांशाने कमी होते. झटका मऊ पडतो. गिटारवादक एडी व्हॅन हेलन दाब कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक लावून मार्शलचा दाब मुद्दाम उतरवत असे, पण नकळत उतरलेला दाब वादकाला चकवतो. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे अँप ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्याकडे कधीही लावू नये.

डिले आणि रिव्हर्ब इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीअँपनंतर जोडल्यास प्रतिध्वनी स्वच्छ राहतो. ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह पेडल मात्र अँपच्या आधी. त्याचा ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवला, की लीड चॅनेलचा ढिला खर्ज आवळला जातो.

स्पीकर न जोडता ट्यूब अँप वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ४, ८ किंवा १६ ओहमचा स्पीकर त्याच आकड्याच्या सॉकेटला जोडावा. आतले दाब चारशे-पाचशे व्होल्टपर्यंत असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात, म्हणून मागचे झाकण जाणकार तंत्रज्ञानेच उघडावे.