टॅरोमधला विसरलेला नायब

टॅरोची पाने म्हणजे प्राचीन मिसरची गूढविद्या, असे आमच्या वर्गातील मुलेही ऐकून येतात. मिसरशी नाते आहे, पण निराळे. ममलूक काळातील मिसरी पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहेत. त्यांत प्याले, नाणी, तलवारी, पोलोच्या काठ्या आणि वर मलिक व नायब. असे पत्ते चौदाव्या शतकात युरोपात पोचले. स्पॅनिशमधील ‘नाइपेस’ हा शब्द ‘नायब’वरूनच आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या नायब तहसीलदारातलाच हा शब्द! पंधराव्या शतकात इटलीत २२ चित्रपाने वाढून टॅरो झाला. तोही खेळच होता. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पुराव्याविना मिसरी रहस्याची कथा मांडली. तिच्यात ममलूक कारागीर मात्र हरवले. मुलांनी भविष्य विचारले, की आम्ही आधी हा इतिहास सांगतो.